पुना अंजीर: वाणाची ओळख, त्याचे मूळ आणि बेळगाव सीमाभागात ते लावण्याची रीत

बेळगावच्या बाजारात अंजीर मागितले तर दोन निरनिराळ्या वस्तू हातात पडू शकतात. सुक्या मेव्याच्या दुकानात दोरीत ओवलेली, चेपून चपटी झालेली तपकिरी अंजिरे मिळतात, आणि हंगाम असेल तर फळवाल्याच्या गाड्यावर जांभळट सालीची ओली अंजिरे. ओले फळ वाळवले की सुके अंजीर होते, म्हणजे झाड एकच, अशी बहुतेकांची समजूत असते, आणि लागवड करणाऱ्याला ही समजूत महागात पडते. बाहेरदेशातून येणारी सुकी अंजिरे ज्या झाडांवर लागतात त्यांतली बरीच झाडे आपल्याकडे जोमाने वाढतील, फळेही धरतील, पण ती फळे पिकण्याआधीच गळून पडतील. पुण्याकडून येणारे ओले अंजीर मुख्यतः ‘पुना अंजीर’ या वाणाचे असते आणि ते आपल्याकडे कोणाच्याही मदतीशिवाय पिकते. हा फरक कशामुळे पडतो, हे समजले की रोप कोणते घ्यावे, छाटणी कधी करावी आणि पावसाळ्यात झाडाला काय सोसावे लागते, ही पुढची सगळी कामे आपोआप उलगडत जातात.

फुलाचा प्रश्न

क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण उंबराचे फूल म्हणतो. नृसिंहवाडीला औदुंबराखाली बसलेल्या माणसालाही त्या झाडाचे फूल दिसत नाही, कारण ते फळाच्या आत असते. अंजीर हे उंबर, वड आणि पिंपळ यांच्याच कुळातले, त्यामुळे त्याचीही रचना तीच. करवंदाएवढे झालेले कच्चे अंजीर देठापासून तळापर्यंत धारदार सुरीने उभे चिरून पाहावे. कापलेल्या कडेवर लगेच पांढऱ्या चिकाचे थेंब जमतात. ते पुसून काढले की पांढरी जाड भिंत, आत पोकळी आणि त्या पोकळीच्या सर्व बाजूंनी आत वळलेली, दोऱ्याच्या टोकांसारखी शेकडो बारीक फुले दिसतात. देठाच्या विरुद्ध टोकाला एक बारीक छिद्र असते, त्याला शेतकरी डोळा म्हणतात, आणि ते खवल्यांनी जवळजवळ बंद केलेले असते. आपण ज्याला फळ म्हणतो तो खरे तर आतबाहेर उलटलेला फुलांचा गुच्छ आहे.

या फुलांपर्यंत पराग पोहोचवण्यासाठी डोळ्यातून आत शिरू शकेल एवढी लहान माशी लागते. उंबर फोडून केंबरे काढू नयेत असे म्हणतात ती केंबरे उंबराची माशी. ती अंजिराच्या कामाची नाही, कारण या कुळातल्या बहुतेक जातींची माशी आपापली वेगळी असते. अंजिराची माशी रानटी नर अंजिराच्या फळात वाढते आणि तिथून पराग घेऊन बाहेर पडते. आपल्या भागात नर अंजिराची झाडेही नाहीत आणि ती माशीही नाही.

शास्त्रज्ञ अंजिराचे चार गट करतात: रानटी नर अंजीर, स्मिर्ना, सॅन पेड्रो आणि साधे अंजीर. स्मिर्ना गटातल्या फळांना परागाची गरज असते. तो मिळाला नाही तर फळ लहानपणीच सुरकुतते आणि गळते. सॅन पेड्रो गटात जुन्या फांदीवर येणारी पहिली फळे परागाविना पिकतात, नव्या फुटीवरची मात्र पिकत नाहीत. साध्या गटातली फळे परागाविनाच भरतात आणि पिकतात. पुना अंजीर या शेवटच्या गटातले आहे. कॅलिफोर्नियातल्या बागाईतदारांना हा फरक चांगलाच अनुभवावा लागला: 1880 नंतरच्या काळात त्यांनी तुर्कस्तानातून स्मिर्ना अंजिराच्या काड्या आणून बागा उभ्या केल्या, झाडे वाढली, पण फळे टिकेनात. शेवटी 1899 मध्ये ती माशी तिथे आणून वसवली, तेव्हा कुठे फळ हाती आले.

माझ्या परसातली फसगत लहान होती, पण जात तीच. एका रोपवाटिकेतून ‘टर्की अंजीर’ अशी चिठ्ठी लावलेले रोप मी घेतले. चौथ्या वर्षी झाड पुरुषभर उंच झाले, दर फुटीला आवळ्याएवढी फळे लागायची, पंधरा-वीस दिवसांत ती पिवळी पडून खाली यायची. मी पाणी वाढवले, पाणी कमी केले, शेणखत घातले, निंबोळी पेंड घातली. नंतर चौकशी केली तेव्हा कळले की ते रोप सुक्या अंजिराच्या बीपासून केलेले होते. माशीने पराग दिलेल्या सुक्या अंजिरातले बी उगवते हे खरे, पण त्या रोपांतली निम्म्याच्या आसपास नर निघतात आणि उरलेल्यांतली बरीच परागावाचून फळ न टिकवणारी. म्हणून बीपासून केलेले अंजिराचे रोप फुकट मिळाले तरी घेऊ नये.

मूळ कुठले

अंजिराचे शास्त्रीय नाव फायकस कॅरिका. ते लिनियसने 1753 मध्ये दिले, आणि त्यातला दुसरा शब्द आजच्या तुर्कस्तानच्या नैर्ऋत्येकडील कॅरिया या प्राचीन प्रदेशावरून आला. पश्चिम आशिया आणि भूमध्य समुद्राचा पूर्व किनारा हे या झाडाचे घर. जॉर्डन खोऱ्यातल्या गिलगाल या ठिकाणी उत्खननात सापडलेली काही वाळकी अंजिरे 11,000 वर्षांहून जुनी असून ती परागाविना वाढलेल्या वाणाची आहेत, असे संशोधकांनी 2006 मध्ये मांडले. परागाविना वाढलेल्या झाडाला रुजणारे बी नसते, त्यामुळे ते माणसाने काडी लावूनच वाढवले असणार आणि धान्याच्या शेतीच्याही आधी माणूस अंजीर लावत असणार, असा त्यांचा तर्क होता. सगळ्यांना तो पटलेला नाही. पण काडीने वाढवण्याची रीत अतिशय जुनी आहे एवढे नक्की, आणि आजही आपण तेच करतो.

अंजीर हा शब्द फारसी. कन्नडमध्ये अंजूर म्हणतात आणि उंबराला अत्ती. रोपवाटिकेत चिठ्ठी कन्नडमध्ये असेल तर हे दोन शब्द माहीत असलेले बरे. महाराष्ट्रात या पिकाचे माहेर म्हणजे पुणे जिल्ह्यातला पुरंदर तालुका. सासवडच्या आसपासची, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतली, निचऱ्याची हलकी-मध्यम जमीन या वाणाला मानवली, आणि पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कर्नाटकात बळ्ळारीचा कोरडा भाग अंजिरासाठी प्रसिद्ध आहे. दोन्ही ठिकाणी पाऊस बेताचा, उन्हाळा कडक आणि हवा कोरडी आहे. अंजिराचे मूळ ज्या मुलखात आहे तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि फळ कोरड्या उन्हाळ्यात पिकते. आपल्याकडे पाऊस नेमका झाड जोमात असताना, जून ते सप्टेंबरात कोसळतो. या झाडाच्या आपल्याकडच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या उलटापालटीत आहे.

वाण कसा ओळखावा

पुना अंजिराचे फळ मध्यम आकाराचे, घंटेसारखे, देठाकडे निमुळते आणि डोळ्याकडे फुगलेले असते. कच्चे असताना हिरवे, पिकताना सालीवर फिकट जांभळी-तांबूस छटा चढते आणि तिच्यावर उभ्या शिरा उठून दिसतात. आतला गर गुलाबी ते लाल. साल पातळ असल्यामुळे फळ खायला उत्तम, पण हाताळायला नाजूक. वाळवण्यासाठी हा वाण मुख्यतः वापरला जात नाही. डायना नावाच्या परदेशी वाणाचे फळ मोठे आणि पिवळसर हिरव्या सालीचे असते, त्यामुळे फळ पाहिले तर दोहोंत गल्लत होण्याचे कारण नाही. गल्लत होते ती रोपात. पान पाहून वाण ठरवण्याच्या भरीस पडू नये, कारण एकाच झाडावर तीन खंडांची आणि पाच खंडांची पाने सापडतात. खात्रीचा उपाय एकच: ज्या झाडाची काडी किंवा गुटी (झाडावरच मुळे फोडून काढलेली फांदी) घेतली ते मातृवृक्ष फळासह पाहणे. गोकाकजवळ अरभावीला उद्यानविद्या महाविद्यालय आहे आणि पुरंदरमध्ये जाधववाडीला राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे अंजीर व सीताफळ संशोधन केंद्र आहे. अशा ठिकाणी चौकशी करून रोप आणणे हे रस्त्यावरच्या टेम्पोतून घेण्यापेक्षा केव्हाही चांगले.

मातृवृक्ष पाहताना पानांवर पिवळे, कडा नसलेले चट्टे आणि आकाराने वेडीवाकडी झालेली पाने आहेत का, तेही पाहावे. हा विषाणूजन्य रोग काडीबरोबर नव्या झाडात जातो आणि त्यावर औषध नाही.

कणकुंबीपासून अथणीपर्यंत

बेळगाव जिल्ह्यासाठी एकच शिफारस लिहिणे म्हणजे खानापूरकर आणि अथणीकर यांना एका मापाची छत्री देणे आहे. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात पावसाळ्यात चार महिने झाड वाळत नाही. बेळगाव शहर मध्यावर. हुक्केरी, चिकोडीकडे पाऊस उतरत जातो आणि रायबाग, अथणीकडचा भाग तर जवळजवळ पुरंदरसारखाच पर्जन्यछायेतला. अंजिराची व्यापारी बाग करायची असेल तर माझ्या मते पूर्वेकडचे तालुकेच योग्य. खानापूर किंवा बेळगावच्या पश्चिमेला घरापुरती दोन-चार झाडे हौसेने लावावीत, बागेच्या उत्पन्नावर कर्ज काढू नये.

जमिनीचे गणित मात्र याच्या नेमके उलटे आहे. पश्चिमेकडची तांबडी, जांभ्याची जमीन पाण्याचा निचरा झटपट करते आणि अंजिराच्या मुळांना ते आवडते. कृष्णाकाठची खोल काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजवते. तिथे लावायचेच असेल तर उंच वरंबे करून त्यांवर झाडे लावावीत आणि दोन ओळींमध्ये पाणी बाहेर काढणारा चर ठेवावा. अंजीर थोडाफार खारेपणा सोसते, साचलेले पाणी सोसत नाही. बेळगाव तालुक्यात जिथे वर्षानुवर्षे टोमॅटो-वांगी घेतली आहेत अशा शेतात एक-दोन जुनी रोपे उपटून मुळांवर गाठी आहेत का ते पाहावे. असतील तर सूत्रकृमींचा, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या अतिसूक्ष्म कृमींचा, उपद्रव आहे असे समजावे आणि शक्यतो जागा बदलावी. सूत्रकृमींना दाद न देणाऱ्या उंबराच्या खुंटावर अंजिराचे कलम करण्याची पद्धतही आहे.

रोप आणि लावणी

काडी घ्यायची ती एक वर्षाच्या, पक्व, राखाडी पडलेल्या फांदीची, अंगठ्याहून बारीक, वीतभर लांब आणि चार-पाच डोळ्यांची (इथे डोळा म्हणजे फांदीवरची कोंब फुटण्याची जागा). खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सपाट आणि वरचा तिरपा द्यावा, म्हणजे लावताना उलटसुलट होत नाही. काप दिल्यावर चीक गळतो. काड्या एक दिवस सावलीत ठेवून चीक सुकू द्यावा आणि मग दोन तृतीयांश भाग मातीत राहील अशा पिशवीत लावाव्यात. गुटी कलम करायचे असेल तर पावसाळ्याची सुरुवात सोयीची: फांदीवरची साल दोन-तीन सेंटिमीटर रुंदीची गोल काढून त्यावर ओले शेवाळ बांधून प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळावा. हवेतच भरपूर ओल असल्यामुळे खानापूरकडे गुटी छान मुळे धरते. पश्चिमेच्या पावसाचा अंजिराला झालेला हा एक फायदा.

चिकाविषयी एक सावधगिरी. तो हाताला लागला तर खाज सुटते, आणि चिकाचा अंश असलेल्या त्वचेवर ऊन पडले तर काळपट डाग आणि फोडही येतात. छाटणी व तोडणी पूर्ण बाह्यांचा सदरा घालून करावी, हातमोजे असतील तर उत्तम.

खड्डे उन्हाळ्यातच दोन फूट लांब, रुंद आणि खोल काढून तापू द्यावेत. वरच्या थरातली माती, दोन पाट्या चांगले कुजलेले शेणखत, सिंगल सुपर फॉस्फेट आणि निंबोळी पेंड मिसळून ते भरावेत. दोन झाडांत पाच मीटर आणि दोन ओळींत पाच मीटर अंतर ठेवले तर हेक्टरी 400, म्हणजे एकरी साधारण 160 झाडे बसतात. जवळ लावण्याचा मोह होतो, पण दमट हवेच्या भागात झाडांतून वारा खेळणे हेच पहिले औषध आहे. लावणी पूर्वेकडे पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि पश्चिमेकडे पाऊस ओसरल्यावर करावी. पहिली दोन-तीन वर्षे जमिनीपासून गुडघ्याच्या वरपर्यंत एकच खोड ठेवून त्यावर चार-पाच फांद्या चहूबाजूंना वळवाव्यात. अंजिराला बुडातून फुटवे काढण्याची सवय असते, ते काढत राहावे लागते.

बहर धरणे

अंजिराचे फळ नव्या फुटीवर, पानाच्या बगलेत लागते. नवी फूट नसेल तर फळ नाही, म्हणून छाटणी ही या पिकात हौस नसून गरज आहे. पुण्याकडे दोन बहर धरतात. जूनच्या सुमारास छाटणी करून हिवाळ्यात फळ घेतले तर तो खट्टा बहर, आणि पावसाळा संपताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटून उन्हाळ्यात फळ घेतले तर तो मीठा बहर. नावांतच चव सांगितलेली आहे: थंड आणि दमट हवेत पिकलेल्या फळात गोडी कमी, कोरड्या उन्हात पिकलेल्या फळात जास्त.

बेळगाव आणि खानापूरकडे मीठ्या बहराखेरीज दुसरा विचार करू नये. जूनमध्ये छाटलेल्या झाडाची कोवळी पालवी इथे थेट मुसळधारेत सापडते आणि तांबेरा या पानांवरच्या बुरशीरोगाच्या तावडीत जाते. ऑक्टोबरच्या मध्यावर, परतीचा पाऊस उतरला की छाटणी करावी, म्हणजे फूट कोरड्या थंडीत वाढते आणि फेब्रुवारीच्या अखेरीपासून फळ सुरू होते. अथणी-रायबागकडे पाण्याची व मजुरांची सोय असेल तर निम्म्या झाडांवर खट्टा आणि निम्म्यांवर मीठा बहर धरून बाजारात दोनदा जाता येते. मात्र एकाच झाडावर एका वर्षात दोन्ही घेऊ नयेत.

बहर धरण्यापूर्वी झाडाला ताण द्यावा लागतो, म्हणजे हलक्या जमिनीत तीन-चार आठवडे आणि भारी जमिनीत त्याहून जास्त पाणी तोडावे लागते. पाने पिवळी पडून गळू लागली की गेल्या बहरात फळे दिलेल्या फांद्या बुडाकडचे तीन-चार डोळे ठेवून छाटाव्यात आणि वाळक्या, आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या मुळापासून काढाव्यात. खतांतला नत्राचा अर्धा हप्ता छाटणीबरोबर आणि उरलेला महिन्याने द्यावा, स्फुरद आणि पालाश छाटणीच्या वेळीच. पुणे भागात आणखी एक जुनी युक्ती आहे: जिथे फूट हवी त्या झोपलेल्या डोळ्याच्या किंचित वर चाकूने सालीला लहानशी तिरपी खाच पाडतात. वरून खाली येणारा वाढ रोखणारा प्रवाह तिथे अडतो आणि खालचा डोळा जागा होतो. लांबलचक, उघड्या पडलेल्या फांद्यांवर हा उपाय मी केला आहे आणि तो लागू पडतो.

तांबेरा

पश्चिमेकडच्या माणसाने अंजिराविषयी एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ती तांबेऱ्याची ठेवावी. जुलैत एखादे पान उलटे करून बोट फिरवावे. बोटाला हळदीपेक्षा गडद, विटकरी रंगाची भुकटी लागली तर रोग आला. वरच्या बाजूला त्याच जागी बारीक तपकिरी ठिपके दिसतात. पाने एकेक करून गळतात आणि ऑगस्टअखेर झाड थेट माघातल्यासारखे उघडे होते. फळ नसलेल्या काळात एवढ्याने झाड मरत नाही, पण दरवर्षी असे झाले की फांद्यांतला साठा संपतो आणि बहर हलका येतो. गळलेली पाने गोळा करून जाळावीत किंवा खोल पुरावीत. पावसाळ्याच्या तोंडावर आणि पुढे उघडीप मिळेल तेव्हा एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे 100 लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना, पानांच्या खालच्या बाजूला पोहोचेल असे फवारावे. वरून फवारून मोकळे होणारा माणूस मोरचूद वाया घालवतो.

खोडकिडा हा दुसरा शत्रू. खोडाच्या बुडाशी लाकडाचा भुसा पडलेला दिसला तर वर छिद्र शोधावे, तारेने आतली अळी टोचून काढावी, रॉकेलचा बोळा आत सारून चिखलाने तोंड लिंपावे. उशीर झाला तर आख्खी फांदी जाते.

तोडणी

छाटणीपासून फळ तयार होईपर्यंत साधारण साडेचार-पाच महिने जातात आणि शेवटच्या आठवड्यात फळ झपाट्याने फुगते. या आठवड्यात पाणी कमी-जास्त झाले किंवा वळीव पडला तर साल तडकते, म्हणून फळे पिकत असताना पाणी थोडे आणि नेमाने द्यावे. केळी-आंब्यासारखे अंजीर काढून आढीत घालता येत नाही; कच्चे तोडलेले कच्चेच राहते. पिकले की ताठ उभे असलेले फळ मानेत वाकून खाली लोंबते, हाताला मऊ लागते आणि तोडताना देठातून चीक जवळजवळ येत नाही. चीक भरभरून आला तर ते फळ एक दिवस लवकर तोडले असे समजावे आणि शेजारच्याला हात लावू नये.

बुलबुल आणि कोकीळ हे आपल्याहून आधी ओळखतात, त्यामुळे दोन-चार झाडे असतील तर फळांचा रंग पालटताच झाडावर जाळी टाकावी. रात्री वटवाघळेही येतात. तोडणी पहाटे, दव उतरण्याच्या आत करावी. फळ देठासकट पिळून काढावे, डोळ्याची बाजू वर ठेवून टोपलीत अंजिराच्याच पानांच्या थरावर एकेरी मांडावे आणि वर पुन्हा पान ठेवावे. ओले अंजीर घरात दोन दिवस टिकते, तिसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. म्हणून रायबाग-चिकोडीकडच्या बागाईतदाराने बेळगाव किंवा कोल्हापूरच्या बाजाराची सकाळची वेळ धरूनच तोडणीचा दिवस ठरवावा, आणि दोन टोपल्यांपेक्षा जास्त माल एकावर एक रचू नये.